कॅथलिक लग्न लावतं कोण?

चर्चमधल्या लग्नाला गेलेल्या पाहुण्याला विचारलं, 'लग्न कुणी लावलं?' तर तो बेधडक फादरांचं नाव घेईल. आपल्याकडे भटजी लग्न लावतात, तसंच तिथे फादर लावत असणार, असा त्याचा सरळ हिशोब. कॅथलिक धर्मशास्त्राचं उत्तर मात्र वेगळं आहे. मुंबई, वसई, पुणे, नाशिक, गोवा इथले बहुसंख्य कॅथलिक ज्या लॅटिन परंपरेचे आहेत, तिच्यानुसार वधू आणि वर स्वतःच एकमेकांचं लग्न लावतात. फादर चर्चच्या वतीने दोघांचा होकार विचारतात, ऐकतात आणि नोंदवहीत उतरवतात. ते मुख्य साक्षीदार. शिवाय आणखी दोन साक्षीदार लागतात. १९८३ च्या धर्मसंहितेत तर अशीही तरतूद आहे, की महिनाभर कुणी धर्मगुरू मिळण्याची शक्यताच नसेल, तर दोन साक्षीदारांसमोर दिलेला होकार पुरतो आणि ते लग्न पक्कं धरलं जातं. (केरळमधून आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांचा कल्याणला स्वतंत्र धर्मप्रांत आहे. त्यांच्या पौर्वात्य परंपरेत मात्र धर्मगुरूचा आशीर्वाद हा एरवी लग्नाचा आवश्यक भाग असतो.)

ही बाब वरवर तांत्रिक वाटते, पण पुढचं सगळं तिच्यातूनच निघतं. लग्न आणि लैंगिकता यांविषयीची कॅथलिक शिकवण बाहेरच्यांना बहुधा नकारांची यादी म्हणून माहीत असते. घटस्फोट नाही, गर्भनिरोधक नाही, टेस्ट ट्यूब बेबी नाही, समलिंगी विवाह नाही. यादी चुकीची नाही. फक्त ती जिथून आली तो होकार तीत दिसत नाही.

विवाहविधीत प्रत्यक्ष वचनं देण्याआधी फादर जोडप्याला तीन गोष्टी विचारतात. तुम्ही कुणाच्याही दडपणाविना, स्वखुशीने आला आहात का? जन्मभर एकमेकांशी एकनिष्ठ राहाल का? देव देईल ती मुलं प्रेमाने स्वीकाराल का? तिन्हींना 'हो' म्हटल्यावरच पुढचा विधी होतो. चर्चची विवाहविषयक शिकवण, तिचे कायदे आणि तिच्यावरचे वाद या तीन प्रश्नांत जवळजवळ पूर्णपणे सामावलेले आहेत.

स्वखुशीने?

लग्न नेमकं कोणत्या क्षणी होतं, यावर बाराव्या शतकात युरोपातल्या पंडितांचा मोठा वाद झाला. बोलोन्याचा ग्रेशियन म्हणे, होकाराने लग्न सुरू होतं आणि शरीरसंबंधाने पुरं होतं. पॅरिसचा पीटर लोम्बार्ड म्हणे, 'मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो' एवढं वर्तमानकाळात म्हटलं की झालं. पोप अलेक्झांडर तिसरे यांनी दोन्ही मतांची सांगड घातली. लग्न होतं ते होकाराने; शरीरसंबंधानंतर ते अतूट होतं. ही मांडणी आजही कायम आहे.

तिचा परिणाम मोठा गमतीचा झाला. होकारच पुरेसा असेल तर धर्मगुरू कशाला, वऱ्हाड कशाला आणि आईबाप तरी कशाला? कुठल्याही परसात दोघांनी एकमेकांना शब्द दिला की लग्न झालं. पुढे एकाने हात झटकले तर सिद्ध कसं करायचं? धर्मन्यायालयांपुढे अशी प्रकरणं सतत येत राहिली. अखेर ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी 'तामेत्सी' नावाचा हुकूम काढला. यापुढे धर्मग्रामाचे फादर किंवा त्यांनी नेमलेले धर्मगुरू आणि साक्षीदार हजर नसतील तर लग्न वैध नाही, आणि त्याआधी मिस्सेच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळी तीनदा जाहीर सूचना द्यायची. आजही रविवारच्या मिस्सेत 'अमुक यांचा मुलगा आणि तमुक यांची मुलगी विवाहबद्ध होऊ इच्छितात, कुणाला अडथळा ठाऊक असल्यास कळवावं' असं वाचतात किंवा सूचनाफलकावर लावतात. हे 'बॅन्स' त्या हुकुमातूनच आपल्यापर्यंत आले.

त्या परिषदेत एक मागणी मात्र फेटाळली गेली, आणि भारतीय वाचकाने ती मुद्दाम लक्षात ठेवावी. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याने १५५६ मध्येच फर्मान काढून आईवडिलांच्या संमतीविना लग्न करणाऱ्या मुलांना वारसाहक्कातून बेदखल करण्याची मुभा दिली होती. ट्रेंटमध्ये फ्रेंच पक्षाचा आग्रह होता, की अशी लग्नं मुळातच रद्दबातल ठरवावीत. परिषदेने तो मानला नाही. आईवडिलांना डावलून केलेली लग्नं चर्चला आवडत नव्हतीच, पण ती खोटी म्हणायलाही ते तयार नव्हतं. होकार ज्याचा त्याने द्यायचा; बाप तो देऊ शकत नाही, तसाच काढूनही घेऊ शकत नाही.

याची दुसरी बाजू धर्मसंहितेच्या ११०३ व्या कलमात आहे. जबरदस्तीने किंवा गंभीर भीतीपोटी दिलेला होकार हा होकारच नव्हे. आणि ही भीती दाखवायला कुणाला काठी उगारावी लागत नाही. धर्मन्यायालयांच्या निवाड्यांत आदरापोटी वाटणारी भीती हाही एक मान्य प्रकार आहे. वडील पुन्हा तोंड पाहणार नाहीत, आईने अंथरूण धरलंय, 'आता घराची अब्रू तुझ्या हातात' असं मामा-काका रोज ऐकवताहेत, अशा कोंडीत निघालेलं 'हो' न्यायाधीश तपासून पाहतात. नुसतं आज्ञाधारकपणे ऐकणं पुरत नाही. त्या व्यक्तीशी लग्न करायची मनापासून नावड होती का, सुटण्याचा काही प्रयत्न झाला का, हे सिद्ध करावं लागतं. म्हणूनच लग्नाआधी फादर मुलाला आणि मुलीला वेगवेगळं बसवून विचारतात, 'कुणी भाग पाडलंय का?' ठरवून केलेल्या लग्नांच्या समाजात हा प्रश्न कागद भरण्यापुरता विचारून भागत नाही.

जन्मभर?

दुसरा प्रश्न सगळ्यांना ठाऊक असलेल्या नियमाचा. दोन बाप्तिस्मा झालेल्यांचं वैध लग्न शरीरसंबंधाने पूर्ण झालं, की ते मृत्यूखेरीज कशानेही सुटत नाही. पोपनाही ते सोडवता येत नाही. येशूने घटस्फोटाबद्दल काढलेल्या कठोर उद्गारांवर हा नियम उभा आहे.

मग काही कॅथलिकांची चर्चमध्ये दुसरी लग्नं होतात ती कशी? धर्मन्यायालय 'लग्न का मोडलं' असं विचारतच नाही. ते विचारतं, 'लग्न झालं होतं का?' सगळं लक्ष लग्नाच्या दिवशीच्या त्या होकारावर. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची गोष्ट आपल्याला 'घटस्फोटासाठी पोपशी भांडलेला राजा' अशी माहीत असते. त्याने पोप क्लेमेंट सातवे यांच्याकडे मागितलं होतं ते वेगळंच. राणी कॅथरिन ही माझ्या मृत भावाची विधवा, तेव्हा हे लग्न मुळातच झालं नाही असं जाहीर करा, अशी त्याची विनंती होती. पोपनी ती मान्य केली नाही.

आज अशी प्रकरणं बिशपांच्या धर्मप्रांतातल्या न्यायालयात चालतात. अर्ज करणारा, समोरचा पक्ष, दोघांना लग्नाआधीपासून ओळखणारे आईवडील, भावंडं, मित्र यांच्या लेखी साक्षी होतात. गरज पडली तर मानसतज्ज्ञाचं मत घेतात. तीन न्यायाधीशांसमोर आणखी एक माणूस असतो, विवाहबंधनाचा रक्षक. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४१ मध्ये हे पद सक्तीचं केलं. नवरा-बायको दोघांनाही सुटायचं असलं, तरी 'हे लग्न खरंच झालं होतं' या बाजूने जे जे म्हणता येईल ते मांडणं हे या अधिकाऱ्याचं काम. लग्नाची बाजू घ्यायला कुणीच उरलं नसेल, तेव्हा ती घेणारा हा वकील.

कारणांची यादी ठरलेली आहे. लग्नाची जबाबदारी समजण्याची वा पेलण्याची मानसिक क्षमताच नसणं, फसवणूक, होकार देताना मनात एकनिष्ठता, कायमपणा किंवा मुलं यांपैकी एखादी गोष्ट ठरवून वगळणं. तोंडाने 'जन्मभर' म्हणायचं आणि मनात 'जमलं नाही तर सोडून देऊ' असा पक्का बेत ठेवायचा, हेही कारण ठरू शकतं. लग्नाआधीपासूनची कायमची नपुंसकता लग्न अवैध करते. पण वंध्यत्व करत नाही. धर्मसंहितेच्या १०८४ व्या कलमात तसं स्वतंत्रपणे लिहिलं आहे. मूल होत नाही म्हणून बायको टाकायला कॅथलिक कायद्यात आधार सापडत नाही. आणि लग्न अवैध ठरलं म्हणून त्यातली मुलं अनौरस होत नाहीत. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या न्यायालयाचं सक्तीचं शिक्कामोर्तब काढून टाकलं आणि उघडउघड प्रकरणांसाठी बिशपांपुढचा झटपट मार्ग आणला.

भारतात यात आणखी एक गुंता आहे. चर्चच्या निकालाने देशाच्या कायद्यातलं लग्न संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केलं. धर्मन्यायालयाचा कागद हातात घेऊन कुणी दुसरं लग्न केलं, तर कायद्याच्या लेखी ते पहिली बायको किंवा नवरा असताना केलेलं लग्न. म्हणून दिवाणी न्यायालयाची पायरी चढावीच लागते. ती पायरी ख्रिस्ती बाईसाठी फार काळ उंच होती. १८६९ च्या इंग्रजी अमदानीतल्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरे असे. बायकोने मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असं काहीतरी दाखवायचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरवली, आणि २००१ च्या दुरुस्तीने दोघांना सारखी कारणं आणि परस्परसंमतीचा घटस्फोट मिळाला. गोव्यात कौटुंबिक बाबतीत १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आजही चालते, त्यामुळे तिथला हिशोब वेगळा.

इथे एक गैरसमज खुद्द कॅथलिक कुटुंबांतही सर्रास आढळतो. दिवाणी घटस्फोट झाला म्हणून कुणाला ख्रिस्तप्रसाद नाकारला जात नाही. मारझोड सोसणाऱ्या बाईने वेगळं व्हावं, गरज पडल्यास कायदेशीर घटस्फोटही घ्यावा, याला चर्चची आडकाठी नाही. अडचण येते ती पहिलं लग्न चर्चच्या दृष्टीने टिकून असताना दुसरा संसार मांडला तर. अशा जोडप्यांना काही परिस्थितींत, धर्मगुरूबरोबर विचारविनिमय करून, ख्रिस्तप्रसादासारख्या संस्कारांचा आधार मिळू शकेल का? पोप फ्रान्सिस यांच्या २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रातल्या एका तळटिपेने ही शक्यता सूचित केली. त्यावर चार कार्डिनलांनी लेखी शंका पाठवल्या, आणि वाद अजून पुरता मिटलेला नाही.

मुलं?

तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त शाई खर्च झाली आहे. वधू-वर उतारवयाचे असतील तर फादर हा प्रश्न गाळू शकतात. म्हणजे मूल व्हायलाच हवं, अशी अट नाही. अट एवढीच, की दोघांनी आपल्या मिलनातून मूल ही शक्यता स्वतःहून कापून टाकू नये.

१९३० च्या ऑगस्टमध्ये अँग्लिकन बिशपांनी लॅम्बेथच्या परिषदेत काही परिस्थितींत गर्भनिरोधनाला वाट करून दिली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोप पायस अकरावे यांनी 'कास्ती कोन्नुबी' हे परिपत्रक काढून उलट बाजू घेतली. १९५१ मध्ये पायस बारावे यांनी सुइणींपुढे केलेल्या भाषणात मान्य केलं, की गंभीर कारण असेल तर जोडप्याने गर्भ न राहण्याचे दिवस पाहून संबंध ठेवायला हरकत नाही. मग १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली आणि प्रश्न नव्याने उभा राहिला.

पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ मध्ये यासाठी सहा जणांचा अभ्यासगट नेमला. पॉल सहावे यांनी तो वाढवत सत्तरच्या आसपास नेला. त्यात डॉक्टर, लोकसंख्यातज्ज्ञ, विवाहित जोडपी होती आणि मुंबईचे कार्डिनल वॅलेरियन ग्रेशियसही होते. भारतालाही हा प्रश्न परका नव्हता: सरकारचा कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ पासून सुरू झालेला होता, आणि खुद्द पॉल सहावे डिसेंबर १९६४ मध्ये युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईला येऊन गेले होते. शिकागोच्या क्राऊली दांपत्याने निष्ठावान कॅथलिक जोडप्यांची पत्रं गटापुढे मांडली. तापमापक, कॅलेंडर आणि सततची धास्ती यांनी घरातला जिव्हाळा कसा आटतो, हे त्यांतल्या बायकांनी स्वतः लिहिलं होतं. १९६६ मध्ये गटाच्या बहुमताने बदलाच्या बाजूने कौल दिला.

पोपनी तो स्वीकारला नाही. २५ जुलै १९६८ च्या 'ह्युमाने वीते' या परिपत्रकात त्यांचं म्हणणं असं: शरीरसंबंधाचे दोन अर्थ असतात, जोडप्याचं एकरूप होणं आणि जीवनाला वाट देणं; माणसाने ते मुद्दाम तोडू नयेत. दिवस पाहून संबंध ठेवताना जोडपं निसर्गाचा क्रम पाळतं. गोळी किंवा निरोध वापरताना ते त्या क्रियेचाच एक अर्थ काढून घेतं. टीकाकार विचारतात, हेतू दोन्हीकडे मूल टाळण्याचाच असेल तर फरक कुठे? चर्चचं उत्तर आहे की हेतूबरोबर कृतीलाही अर्थ असतो. हा सगळ्या वादाचा कणा. परिपत्रकानंतर धर्मशास्त्रज्ञांनी जाहीर असहमतीची पत्रकं काढली; कॅनडाच्या बिशपांनी त्याच वर्षी विनिपेगहून काढलेल्या निवेदनात सदसद्विवेकाला बरीच जागा ठेवली. दुसरीकडे ऑस्ट्रेलियातल्या बिलिंग्ज दांपत्याची, शरीराच्या खुणा पाहून सुपीक दिवस ओळखण्याची पद्धत जगभर शिकवली गेली, आणि कोलकात्यात मदर तेरेसांच्या संस्थेनेही नैसर्गिक नियोजन वस्त्यांमध्ये नेलं.

या 'दोन अर्थां'तून बाकीचे नकार क्रमाने येतात. गर्भनिरोधनात मिलन आहे पण मुलाला वाट नाही. प्रयोगशाळेतल्या गर्भधारणेत मूल आहे पण मिलन नाही, म्हणून १९८७ च्या 'दोनुम वीते' या निवेदनाने तीही नाकारली. समलिंगी संबंधांबाबतही आधार हाच. तसा कल असणं हे चर्च पाप मानत नाही. अशा व्यक्तींना आदराने आणि सहृदयतेने वागवावं, अन्यायकारक भेदभाव करू नये, असं कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ सांगतो; त्याच वेळी तो संबंध अनुचित मानतो आणि ब्रह्मचर्य सुचवतो. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी विवाहाला विरोध कायम ठेवला, पण चर्च या व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही हेही सांगितलं. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना विवाहविधीशी साम्य नसलेला साधा आशीर्वाद द्यायला परवानगी दिली. आफ्रिकेतल्या बहुतेक बिशपांनी तो द्यायला नकार दिला.

आपल्याकडे तिसरा प्रश्न आणखी एका रूपात समोर येतो. मुलगी कॅथलिक, मुलगा हिंदू. 'चर्चमध्ये लग्न म्हणजे धर्म बदलावा लागेल' ही भीती घरोघर असते. कायदा तसं सांगत नाही. बिशपांची खास परवानगी घ्यावी लागते; तिच्याविना ते लग्न चर्चच्या लेखी अवैध. कॅथलिक बाजूने वचन द्यायचं की मी माझा धर्म सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचा शक्य तेवढा प्रयत्न करीन. हिंदू जोडीदाराला या वचनाची नीट कल्पना दिली जाते, पण त्याच्याकडून काही लिहून घेणं कायद्याला अपेक्षित नाही. घरात नामकरण की बाप्तिस्मा, हा वाद अर्थातच नंतर त्या दोघांनाच मिटवावा लागतो.

होकार तपासायचा कधी?

तिसऱ्या प्रश्नावर कॅथलिकांचंही एकमत नाही, हे रोमला ठाऊक आहे. २०१४ च्या बिशपांच्या परिषदेआधी जगभरातून उत्तरं मागवली होती. गर्भनिरोधनाविषयीची शिकवण अनेकांना नीट माहीत नाही आणि माहीत असलेल्यांपैकी अनेकांना पटत नाही, हे परिषदेच्या कार्यपत्रिकेत नमूद झालं. शिकवण बदलली नाही. पण त्यातून पुढे आलेली अडचण तिसऱ्या प्रश्नापुरती राहत नाही. कायम, एकनिष्ठ आणि मुलांसाठी खुलं, या तिन्हींना मिळून जो होकार द्यायचा, तो देताना जोडप्याला आपण काय म्हणतोय ते कळत नसेल, तर चर्चच्याच नियमाने त्या लग्नाचं काय होतं? जून २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस रोममधल्या एका सभेत बोलून गेले, की आजकालची बहुतेक धार्मिक लग्नं अवैध आहेत, कारण 'जन्मभर' म्हणताना लोकांना त्याचा अर्थ कळत नाही. केवढी खळबळ उडाली! व्हॅटिकनच्या अधिकृत प्रतीत 'बहुतेक'च्या जागी 'काही' असा शब्द आला. पण मुद्दा सुटला नाही.

२०२२ मध्ये व्हॅटिकनने विवाहपूर्व तयारीसाठी नवी मार्गदर्शिका काढली. काही व्याख्यानं ऐकून प्रमाणपत्र घेण्याऐवजी टप्प्याटप्प्याने, साधारण वर्षभर चालणारी आणि लग्नानंतरही सोबत करणारी तयारी तिने सुचवली. हॉल, कॅटरर आणि पत्रिका ठरल्यावर फादरांकडे येणाऱ्या आपल्या घरांना ही कल्पना जड जाईल. पण चर्चपुढे दुसरा मार्ग फारसा नाही. होकारावर सगळी इमारत उभी केली, की तो लग्नानंतर कोर्टात तपासायचा की लग्नाआधी शांतपणे, एवढीच निवड उरते. आणि त्या वर्षभरात एखादं जोडपं 'नको, आपलं जमणार नाही' म्हणून परत गेलं, तर 'स्वखुशीने आलात का?' हा पहिला प्रश्न खरोखर विचारला गेला, असंच म्हणावं लागेल.